मोर्चावर बळ वापरले, तर आदेश कोणाचा होता ते जाहीर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी हिवाळी अधिवेशन जवळ आले की आपल्या वृत्तपत्रात बंदोबस्ताची सविस्तर बातमी येते. बाहेरच्या जिल्ह्यांतून किती पोलीस येणार, राज्य राखीव दलाच्या किती तुकड्या लागणार, कोणते रस्ते बंद राहणार आणि कोणता मोर्चा कोठे अडवला जाणार, हे सारे आम्हा नागपूरकरांना आधीच कळते. मात्र त्याच बंदोबस्तातून एखाद्या मोर्चावर लाठी चालली, तर ती चालवण्याचा हुकूम कोणी दिला आणि त्याचा जाब कोणाला विचारायचा, हे आधीही कळत नाही आणि नंतरही कळत नाही. म्हणून या पत्रातून मला एकच मागणी मांडायची आहे. मोर्चावर बळाचा वापर झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावासह आणि सहीसह, त्या वापराचा लेखी अहवाल लोकांसमोर ठेवणे पोलिसांवर बंधनकारक करावे आणि त्याची सुरुवात नागपूरच्या येत्या अधिवेशनापासून व्हावी.

ही मागणी नागपुरातून होणे रास्त आहे. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे भरते आणि त्यामुळे राज्यभरातील गाऱ्हाणी हिवाळ्यात आमच्या रस्त्यांवर येतात. 23 नोव्हेंबर 1994 रोजी असेच एक गाऱ्हाणे घेऊन गोवारी समाज आला होता. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढे त्यांचे म्हणणे होते. गावोगावची गुरे राखणारी ही माणसे बायकापोरांसह दिवसभर रस्त्यावर बसून राहिली. संध्याकाळी गर्दी पुढे सरकली, लाठीमार झाला, पळापळ झाली आणि त्या चेंगराचेंगरीत 114 जणांचा जीव गेला. त्यांत बाया आणि लहान मुलेच अधिक होती. झिरो माईलजवळ त्यांचे स्मारक आहे, सीताबर्डीवरच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिले आहे, आणि दरवर्षी त्या तारखेला त्यांचे नातेवाईक विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून फुले घेऊन येतात.

त्या घटनेची चौकशी न्या. दाणी आयोगाने केली. तत्कालीन आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला. आयोगाने मात्र कोणालाही थेट जबाबदार धरले नाही. एका संध्याकाळी, विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर 114 माणसे मरतात आणि त्याचे उत्तर देणारा एकही अधिकारी नसतो, हे मला आजही मान्य करता येत नाही. बळ वापरायचा निर्णय कोणत्या क्षणी झाला, तो कोणाचा होता, सूचना मागच्या टोकापर्यंत ऐकू गेली होती का, लोकांना मागे फिरायला वाट मोकळी ठेवली होती का, या प्रश्नांची उत्तरे त्याच रात्री, स्मृती ताजी असताना, कोणीतरी सही करून लिहून ठेवली असती, तर पुढच्या चौकशीला धरायला काही हाती लागले असते. महिन्यांनी आणि वर्षांनी घेतलेल्या साक्षींतून गर्दीतल्या एका क्षणाचा उलगडा करणे कोणत्याही न्यायमूर्तींना अवघडच असते.

मोर्चा ज्यांनी जवळून पाहिला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यशवंत स्टेडियम किंवा अन्य ठरलेल्या जागेहून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड अशा ठिकाणी लोखंडी कठड्यांपाशी अडवतात. तेथून पाच-सात जणांचे शिष्टमंडळ पोलीस गाडीने विधानभवनात नेले जाते आणि मंत्र्यांनी निवेदन स्वीकारून काही आश्वासन दिले, की ते परत येऊन मोर्चापुढे सांगायचे, अशी रीत आहे. संबंधित मंत्री वेळेवर भेटले, तर चारच्या आत रस्ता मोकळा होतो. मंत्री सभागृहात अडकले, किंवा उद्या या असा निरोप आला, की हजारो माणसे त्याच डांबरावर अंधार पडेपर्यंत बसून राहतात. गावची शेवटची एसटी निघून जाते, बाया लघवीला कोठे जावे म्हणून चौकश्या करतात, पाण्याचे टँकर रिकामे होतात. मग मागून पुढे रेटा येतो आणि कठड्याला टेकलेल्या माणसाला इच्छा असो वा नसो, पोलिसांच्या अंगावर जावे लागते. अशा वेळी लाठी उगारली जाते ती बहुतेक करून सगळ्यांत पुढे असलेल्यावर, ज्याचा रेट्यात काहीही हात नसतो. शासनाने दिवसभर केलेल्या उशिराचा भार असा संध्याकाळी कठड्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांवर येऊन पडतो. म्हणून मी मागतो त्या अहवालात शिष्टमंडळ किती वाजता गेले, त्याला कोण भेटले आणि किती वाजता भेटले, हेही लिहिलेले असावे.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 प्रमाणे, बेकायदा जमावाला किंवा शांतताभंगाची शक्यता असलेल्या पाच वा अधिक माणसांच्या जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि तो हजर नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी देऊ शकतो. जमाव हटला नाही, तर त्यानंतर बळ वापरता येते. म्हणजे आधी हुकूम, मग बळ, आणि हुकूम देणारा माणूस ओळखता येईल असा, ही चौकट कायद्यातच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 129 मध्येही ती होती. चौकट आहे, पण तिची नोंद लोकांना दिसत नाही. शिवाय जेथे पोलीस आयुक्तालय आहे, तेथे जमावबंदीचा आदेश काढणारे आयुक्त, जागेवर हुकूम देणारा अधिकारी, लाठी चालवणारा शिपाई आणि नंतर तक्रारीची प्राथमिक चौकशी करणारा अधिकारी हे सारे एकाच खात्यातले असतात. ग्रामीण भागात निदान तहसीलदार किंवा प्रांत म्हणून महसूल खात्याचा माणूस मध्ये असतो. शहरात तोही नाही.

त्यापुढे कलम 151 आहे. जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून खटला भरता येत नाही आणि सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, असे ते सांगते. सरकारी नोकरांना एरवी मिळणाऱ्या संरक्षणाच्या कलम 218 मध्ये नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली आहे. मंजुरीबाबत 120 दिवसांत निर्णय झाला नाही, तर ती मिळाली असे धरले जाते. कलम 151 मध्ये मात्र अशी मुदत नाही. आपले काम करताना पोलिसाला संरक्षण हवेच, त्याला माझा विरोध नाही. पण संरक्षण कोणाला द्यायचे हे ठरवायलासुद्धा आधी तो अधिकारी कोण हे कळायला हवे.

आमच्या वस्तीतील एका अंगणवाडी सेविकेवर आलेला प्रसंग येथे नोंदवतो, कारण त्यात मी शेवटपर्यंत सोबत होतो. मानधनवाढीच्या मोर्चात ती कठड्याजवळ उभी होती. रेटा आला, लाठ्या उगारल्या गेल्या, डोके वाचवायला तिने डावा हात वर केला आणि मनगटाच्या वरचे हाड मोडले. रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या दुखापतीची, नोंद झाली, प्लास्टर लागले. दोन दिवसांनी आम्ही तक्रार द्यायला ठाण्यात गेलो, तेव्हा तेथील अंमलदार सभ्यपणे बोलले, पाणीही दिले, पण म्हणाले, "ताई, मारणाऱ्याचं नाव सांगा, नाहीतर बक्कल नंबर तरी सांगा, मग लिहून घेतो." नाव कसे सांगणार? मारणाऱ्याच्या डोक्यावर जाळीचे हेल्मेट होते आणि छातीवरची नावाची पट्टी दंगलरोधक जाकिटाखाली झाकलेली होती. मोर्चाचे चित्रण करायला पोलिसांचाच कॅमेरावाला गाडीच्या टपावर उभा होता. ते चित्रण माहितीच्या अधिकारात मागितले, तर तपासात अडथळा येईल असे सांगून कलम 8(1)(ज) खाली नकार मिळाला. तपास कोणता, तर जमावबंदीच्या उल्लंघनाचा, आणि त्यातील एक आरोपी तीच सेविका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 135 खाली तिला समन्स आले, आणि प्लास्टर निघाल्यावरही बोटे पुरती मिटत नसलेला हात घेऊन ती तारखांना जाऊ लागली. पोषण आहाराचे पातेले तिला आजही दोन हातांनी उचलता येत नाही. मोडलेल्या हाताची एमएलसी आहे, क्ष-किरण चित्र आहे, पण त्या हातावर लाठी मारणारा माणूस शासनाच्या एकाही कागदावर नाही.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात 2013 मध्ये सांगितले. त्यासाठी आरोपीचे नाव माहीत असावे लागत नाही. चोराचे नाव ठाऊक नसले तरी चोरीची नोंद होतेच. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीला मात्र नावाची अट व्यवहारात लावली जाते आणि सामान्य माणूस तेथूनच माघारी फिरतो. दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग उरतो, पण नव्या संहितेच्या कलम 175(4) प्रमाणे लोकसेवकाविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवावा लागतो. तो वरिष्ठ कोण, हेदेखील आदेश कोणाचा होता ते कळल्यावाचून ठरत नाही.

हा प्रश्न एकट्या नागपूरचा नाही. 1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटी येथे मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. काही दिवसांत तत्कालीन गृहमंत्र्यांनी जाहीर क्षमा मागितली. महाराष्ट्रात असे क्वचित घडते आणि त्या क्षमेचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यानंतर कित्येक महिने राजकीय व्यासपीठांवर वाद चालला तो आदेश वरून आला की जागेवर दिला गेला याचा. अशा प्रश्नाचे उत्तर आरोप-प्रत्यारोपांत शोधावे लागू नये. ते एका सही केलेल्या कागदावर असायला हवे होते.

परभणीचे प्रकरण तर अजून ताजे आहे. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, आंदोलन पेटले, पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली आणि अटकेत असलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याच आठवड्यात येथे, नागपूरच्या सभागृहात, त्याला मारहाण झाली नव्हती असे सांगण्यात आले. पुढे त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे दार ठोठवावे लागले, आणि जुलै 2025 मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथेही तो आदेश कायम राहिला. मुलगा गमावलेल्या आईने साध्या एफआयआरसाठी सात महिने लढावे, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला शोभणारे नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी झालेल्या गोळीबारात दहा जण मेले, मावळात 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीला विरोध करणारे तीन शेतकरी मेले. सरकारे बदलत गेली, पण बळ वापरल्यानंतरची टाळाटाळ बदलली नाही.

यावर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात 22 सप्टेंबर 2006 रोजी राज्य आणि जिल्हा अशा दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापन करण्यास सांगितले होते आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असेही म्हटले होते. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी विभागाची पातळी निवडली. नागपूर विभागात सहा जिल्हे आहेत. सिरोंच्यात मार खाल्लेल्या माणसाने तक्रारीसाठी अख्खा गडचिरोली जिल्हा ओलांडून विभागीय प्राधिकरणाकडे धाव घ्यावी, हे व्यवहारात तक्रार नाकारण्यासारखेच आहे. प्राधिकरणे हवीत, जिल्हा पातळीवर हवीत, आणि त्यांना स्वतःचा तपास कर्मचारीवर्ग हवा. तो लढा लांबचा आहे. मी मागतो तो अहवाल उद्याही सुरू होऊ शकतो, आणि पुढे प्राधिकरण असो की न्यायालय, त्यांना कामाला लागणारा पहिला कागद तोच असेल.

पोलिसांच्या बाजूनेही यात बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते बोलले जात नाही याचे मला वाईट वाटते. अधिवेशनासाठी बाहेरून येणारे शिपाई मंगल कार्यालयांत आणि शाळांच्या खोल्यांत सतरंजीवर झोपतात, पहाटे थंडीत उभे राहतात आणि रात्री उशिरा परत जातात. महिला पोलिसांची शौचालयाअभावी होणारी कुचंबणा मोर्चातल्या बायांपेक्षा कमी नसते. दगड आला तर पहिला त्यांच्याच डोक्यात बसतो. आणि लाठीमाराचा गवगवा झाला, की निलंबित होतो तो बहुधा चित्रफितीत दिसणारा शिपाई. हुकूम तोंडी असल्यामुळे तो देणारा सहीसलामत राहतो. लेखी आदेशाची सक्ती झाली, तर ज्या शिपायाने कायदेशीर हुकूम पाळला, त्याला तो कागद वाचवील. ज्याने हुकूम नसताना खाली पडलेल्या माणसावर घाव घातले, त्यालाही तोच कागद उघडा पाडील. बंदोबस्तात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त जमादारांशी मी याविषयी बोललो, तेव्हा अशी नोंद असती तर आपल्या दोन विभागीय चौकश्या टळल्या असत्या, असे त्यांनी सांगितले.

हे काम अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला माझे उत्तर आहे. प्रत्येक ठाण्यात ठाणे दैनंदिनी लिहिली जाते, बिनतारी संदेशांची नोंद होते, गोळी सुटली तर एकेका काडतुसाचा हिशेब द्यावा लागतो. गोळीचा हिशेब ठेवणाऱ्या खात्याला लाठीचा हिशेब ठेवता येणार नाही, असे मानायला मी तयार नाही. अहवाल दोन पानांचा असला तरी पुरे. मोर्चा कोणाचा, जमाव किती, बळ वापरण्याची वेळ का आली, पांगण्याची सूचना किती वेळा आणि कोणत्या भाषेत दिली, बाहेर पडण्याची वाट कोणती ठेवली, आदेश कोणत्या अधिकाऱ्याने किती वाजता दिला, कोणत्या तुकडीने तो पाळला, दोन्ही बाजूंचे जखमी किती आणि कोठे दाखल आहेत, एवढे त्यात असावे. जाकिटाच्या वरून दिसेल असा मोठा क्रमांक प्रत्येक शिपायाच्या छातीवर आणि पाठीवर असावा. अटक करणाऱ्या पोलिसाचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, असे डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितले आहे आणि आज ते नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 मध्ये आहे. अटक करणाऱ्याला जे लागू आहे, ते हाड मोडणाऱ्याला लागू नसावे, याला काही कारण दिसत नाही. पोलिसांनी केलेले चित्रण जपून ठेवावे आणि जखमीने मागितल्यास त्याला त्याची प्रत द्यावी. ठाण्यांतील सीसीटीव्हीचे चित्रण शक्यतो अठरा महिने जपावे, असे परमवीरसिंग सैनी प्रकरणात 2020 मध्ये ठरले आहे. रस्त्यावरच्या चित्रणाला तीच मुदत लावता येईल.

शांत जमावावर बळ वापरणे समर्थनीय नाही, आणि जमाव हिंसक झाला तरी तो आटोक्यात आल्यावर मारत राहणे हा मानवी हक्कांचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जम्मूतील आंदोलकांच्या प्रकरणात, अनिता ठाकूर निकालात, 2016 मध्ये स्पष्ट केले आणि जखमींना भरपाई द्यायला लावली. त्याआधी 2012 मध्ये रामलीला मैदानाच्या निकालात, झोपलेल्या लोकांवर मध्यरात्री केलेल्या कारवाईबद्दल दिल्लीच्या पोलिसांना न्यायालयाने दोषी धरले होते. तत्त्वे ठरलेली आहेत. एखाद्या घटनेत ती पाळली गेली की नाही, हे तपासायला लागणारी नोंद तेवढी आपल्याकडे नाही.

यासाठी विधिमंडळात नवे विधेयक आणण्याची गरज नाही. पोलीस महासंचालकांच्या परिपत्रकाने राज्यभर आणि पोलीस आयुक्तांच्या स्थायी आदेशाने नागपूर शहरापुरते हे सुरू होऊ शकते. विदर्भातील आमदारांनी, ते सत्तेत असोत वा विरोधात, अधिवेशनाआधी तशी लेखी मागणी गृहविभागाकडे करावी. आपल्या वृत्तपत्रालाही माझी विनंती आहे, की मोर्चावर लाठीमार झाल्याची बातमी देताना आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आपल्या प्रतिनिधीने विचारावे, आणि ते मिळाले नाही तर विचारूनही मिळाले नाही असे दुसऱ्या दिवशी छापावे, तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. गृहविभागाने या मागणीवर आपली भूमिका आपल्याच स्तंभातून, अधिवेशनाचा पहिला मोर्चा निघण्यापूर्वी मांडावी, अशी माझी अपेक्षा आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व नियमित वाचक,
नागपूर